डागाचा कावळा

शकूरमियांनी चित्राच्या कोपऱ्यातल्या कावळ्याच्या पोटावर दाभण टेकवलं आणि दाबलं. खाली 'टोचणी' मासिकाचे बारा जुने अंक होते, व्यंगचित्राच्या पानावर उघडून एकावर एक नीट रचलेले. दाभण आरपार गेलं. मग त्यांनी एकेक अंक उजेडात धरला. भोक प्रत्येक कावळ्याच्या पोटातच पडलं होतं.

"आता हे पाह्य," ते सुनेला म्हणाले.

दुसऱ्या बाजूला नव्या पुस्तकाचे छापील फर्मे पडले होते. चित्रं तीच, पण मूळ चित्रकारानंच पुन्हा काढलेली. रेघा सफाईदार, माणसं अंगानं भरलेली.

"इथी कावळा दिव्याच्या खांबावर. इथी सायबाच्या टोपीवर. अन् इथी तं विहिरीवर पानी पेऊन राह्यला. एकबी जाग्यावर नाही."

"चित्र नवं काढलं तं कावळा उडणारच ना अब्बा!" जहांआरा हसली. ती मराठी चौथी पास होती.

"हसू नको. पुढचं पान वाच."

तिनं चित्रकाराची प्रस्तावना वाचली. "'हा कावळा मला प्रथम अमडापूरच्या माळावर एका सकाळी दिसला. त्याची तिरकी नजर माझ्या मनात बसली.'"

"माळावर!" शकूरमियांनी दाभण पोत्यात खुपसलं. "माळावर नाही, दगडावर बसला होता तो."

पंधरा वर्षांमागे ते मलकापूरच्या शिळाप्रेसात संगसाज होते. दगडावर उतरलेलं चित्र कुंचल्यानं दुरुस्त करायचं, हे त्यांचं काम. अमडापूरचे ड्रॉइंग मास्तर मार्तंडराव खेर्डेकर महिन्याला एक व्यंगचित्र पाठवायचे. कागद दगडावर दाबला की चित्र उलटं उतरायचं आणि छापलं की पुन्हा सुलटं व्हायचं. पण त्या दगडाच्या कोपऱ्यात तेलाचा डाग मुरला होता. किती घासला तरी शाई धरायचा. पहिल्याच महिन्यात मालक ओरडला, तेव्हा शकूरमियांनी डागाला चोच काढली, शेपूट काढलं, पाय दिले. पुढं दर महिन्याला तेच. मलकापूरच्या दुकानांतून माणसं अंक उघडून आधी कोपरा पाहायची. "काय म्हन्ते बे यंदाचा कावळा?" असं एकमेकांना विचारायची. शकूरमियां जवळून जायचे आणि ऐकायचे.

प्रेस बुडालं. ते पुस्तकं बांधू लागले. आता मार्तंडरावांचा मुलगा भालचंद्र वडिलांच्या चित्रांचं पुस्तक बांधायला देऊन गेला होता. जाताना जुने अंकही टाकून गेला. "हे पुठ्ठ्यात घाला," म्हणाला. त्यात वावगं काही नव्हतं. रद्दी चिकटवूनच पुठ्ठा होतो, आणि लढाई संपली तरी कागद अजून मिळत नव्हता. पण प्रस्तावना ऐकल्यापासून शकूरमियांच्या मनात ते वाक्य घर करून बसलं.

"पुरावाच पुरून टाकाले सांगतलं त्यानं. अन् तोबी माह्याच हातानं."

"अब्बा, त्याइले डागाचं ठाऊक तरी हाय का?"

"ठाऊक नसतं तं माळाची गोठ काऊन रचली असती?"

दुसऱ्या दिवशी ते मोटारीनं अमडापूरला गेले. ओसरीवर मार्तंडराव बसले होते. चहा आला. त्यात साखर फार होती. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याला कंट्रोलची, मोजून मिळणारी साखर कोणी एवढी घालत नाही; यांना काहीतरी झाकायचं आहे, असं शकूरमियांना वाटलं. त्यांनी अर्धा चहा ठेवला, जुने अंक आणि नवे फर्मे शेजारी शेजारी मांडले आणि सगळं सांगितलं.

भालचंद्र तडकला. "शकूरमियां, बाबांचा कावळा अख्ख्या वऱ्हाडाला माहीत आहे. उद्या प्रेसचा हमाल येईल आणि म्हणेल, साहेबाची टोपी माझी!"

"टोपी तुमच्या बाबांचीच हाय. मी फक्त कावळ्याचं म्हनून राह्यलो."

मार्तंडरावांनी एक अंक जवळ ओढून घेतला. "माह्या कागदावर कावळा नव्हता, हे खरं," ते म्हणाले. "पयला अंक आला तं मले रागच आला. मंग लोक तारीफ कराले लागले."

"कोनाले इचारलं नाही, कोनं काढला म्हनून?"

"नाही."

"काऊन?"

"इचारलं असतं तं लोकाइले सांगा लागलं असतं."

भालचंद्रचा चेहरा उतरला, पण तो हटला नाही. "मग कशावरून यांनीच काढला? मालकानं काढला असेल. प्रेसात काय एकच माणूस होता?" त्यानं कागद आणि दौत पुढं सरकवली. "काढून दाखवा."

शकूरमियांनी टाक उचलला. पंधरा वर्षांत त्यांनी कावळा काढला नव्हता. आधी पोटाचा काळा ठिपका, मग चोच, शेपूट आणि शेवटी पाय. हात कुठं थांबला नाही.

"बघा बाबा!" भालचंद्रला हुरूप आला. "याचं तोंड डावीकडे. अंकातले सगळे उजवीकडे पाहतात. धड नक्कलही जमली नाही."

मार्तंडरावांनी कागद हातात घेतला. "भालू," ते म्हणाले, "नक्कल करनाऱ्यानं उजवीकडेच काढला असता. हा दगडावरचा हाय. छापला म्हंजे उजवीकडे पायन." त्यांनी कागद परत दिला. "खाली नाव लिहा, शकूरमियां."

शकूरमियां शाळेत गेले नव्हते. तिशी उलटल्यावर ते अक्षरं शिकले, तीही दगडावरची, उलटी. कागदावरचं सुलटं वाचायला त्यांना अजून बोट ठेवावं लागे. हाताला जसं येत होतं तसं त्यांनी लिहिलं.

भालचंद्रला ते लागेना. तो उठून दाराशी गेला, कागदाची मागची बाजू आपल्याकडे करून उजेडात धरली. कावळा उजवीकडे वळला. तो सावकाश वाचू लागला, "शकूर अहमद. संगसाज. मलकापूर."

त्या घरात ते नाव इतक्या मोठ्यानं पहिल्यांदाच घेतलं गेलं असावं.

"पुस्तक तं छापून झालं," मार्तंडराव म्हणाले. "पन हा कागद मी ठेवून घेतो. दुसऱ्या आवृत्तीत घालू."

शकूरमियांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. जुने अंक गोळा करून काखेत मारले.

"पुस्तकं आठ दिवसांत बांधून देतो. पुठ्ठ्याले दुसरी रद्दी पायतो." मग त्यांनी दाराकडे हात केला. "तो कागद द्या इकडे."

"शाई ओली आहे अजून," भालचंद्र म्हणाला.

"असू द्या."

परतीच्या मोटारीत ते फळीच्या टोकाला बसले. रस्ता खडीचा होता, माणसं एकमेकांवर आदळत होती. शेजारचा म्हणाला, "चाचा, दांडी धरा, पडसान." शकूरमियांनी मान हलवली. चिखली येईपर्यंत त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी कडेला धरून तसाच पुढं ठेवला होता.