एक इयत्ता मागे

परीक्षेच्या जगात छोटीला कुणी दोनदा एकाच नावानं हाक मारली असेल तर शपथ. एका केंद्रावर ती रायटर होती, दुसऱ्यावर स्क्राइब. कॉलेजच्या गेटवर तिला हेल्पर म्हणून आत सोडलं, बँकेच्या परीक्षेला गळ्यात असिस्टंटचा बिल्ला अडकवला, आणि एक खडूस पर्यवेक्षक तर नुसतं 'विथ कँडिडेट' लिहून मोकळा झाला. मदतीच्या माणसाला इंग्रजीत शब्दांचा तोटा नाही, बसायला मात्र बहुतेक ठिकाणी डुगडुगतं स्टूल.

काम सगळीकडे एकच. दादाला जन्मापासून दिसत नव्हतं. त्याला प्रश्न हळू आवाजात वाचून दाखवायचा आणि तो जे सांगेल ते जसंच्या तसं उतरवायचं. उत्तर चुकतंय हे कळलं तरी चुकीचंच लिहायचं. छोटीचा हात यात कधी अडखळला नाही. तिला त्याचा अभिमान होता आणि तो असावा असंच तिचं काम होतं.

फक्त एक अट असायची. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा, नाहीतर तोच सगळी उत्तरं लिहून टाकायचा. दादा वर्षानं मोठा, त्यामुळे छोटी आपोआपच एक इयत्ता मागे. घराचं आणि नियमाचं छान जुळलं होतं. मग दादा बारावीला आपटला आणि छोटी अकरावी पास होऊन त्याच्या बरोबरीला आली.

"तू यंदा थांब," आई पोळपाट पुसता पुसता म्हणाली. "त्याचं एकदा होऊ दे. तुझं काय, पुढच्या वर्षी देशील."

पुढच्या वर्षी दादा पास झाला आणि कॉलेजात गेला, पण तिथल्या परीक्षा नेमक्या बारावीच्याच दिवसांत आल्या. शिवाय दादाला प्रत्येक वर्ग दोनदा आवडायचा. एकदाचा तो पदवीधर झाला तेव्हा नोकरीच्या परीक्षा सुरू झाल्या आणि तिथली अट तर आणखी कडक निघाली. लेखनिक बारावी पास असता कामा नये. छोटीनं मग बारावीची पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि आईला म्हणाली, "बरंच झालं, मी दिली नाही ते." आई म्हणाली, "बघ, मी सांगत होते की नाही."

एकदा तिला बघायला पाहुणे आले. मुलगी काय करते म्हणून त्यांनी विचारलं. आई ठसक्यात म्हणाली, "रायटर आहे." पाहुण्यांनी कौतुकानं पुस्तकांची नावं विचारली आणि खरं काय ते कळल्यावर चहा अर्धा ठेवून उठले. त्या दिवशी दादा आणि छोटी पोट धरून हसले. तेव्हा हसायचं वय होतं.

दादा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पास झाला की 'आपण पास झालो' म्हणायचा आणि नापास झाला की 'मी नापास झालो'. असा भाऊ शोधून सापडायचा नाही. म्हणूनच, चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याला एकदाची सरकारी कचेरीत अधिकाऱ्याची जागा मिळाली आणि पत्रात 'वाचनासाठी असिस्टंट दिला जाईल' असं निघालं, तेव्हा दोघांनाही वेगळं काही सुचलं नाही. छोटीनं दोन नवे ड्रेस शिवले. डबेही दोन घेतले, एकसारखे.

आस्थापना विभागातल्या बाई गोड बोलणाऱ्या होत्या. त्यांनी छोटीला खुर्ची दिली. स्टूल नव्हे, खुर्ची.

"शिक्षण?"

"अकरावी."

बाईंचे हात कीबोर्डवर थांबले. "पदवीधर लागतो हो या जागेला. नुसती बारावी असती तरी साहेबांना विचारून पाहिलं असतं."

"मॅडम, ही पहिल्यापासून माझ्याबरोबर आहे," दादा म्हणाला. "हिच्यामुळंच मी इथं बसलोय."

"ते दिसतंय ना. पण मी काय करू, सांगा."

बाई खरंच काही करू शकत नव्हत्या. पहिल्याच आठवड्यात दादाच्या टेबलाशी एक चुणचुणीत पदवीधर मुलगी आली आणि टेबलावर बोलणारा कॉम्प्युटर. दादा संध्याकाळी घरी आला तो त्याचंच सांगत. "काय वाचतं गं ते. तुझ्या दुप्पट भरभर, आणि दमत नाही." मग मोरीत डबा आपटल्याचा आवाज त्याला आला. "अगं, सुटलीस तू आता. दे की बारावी. आता तुला कोण अडवतंय?"

छोटीला त्याचा राग आला, आणि तो खरं बोलतोय याचा त्याहून जास्त. आयुष्यात पहिल्यांदा तिला दादाला मारावंसं वाटलं. त्याऐवजी तिनं बाहेरून बारावीचा अर्ज भरला. पास झाली तर पदवी, पदवी झाली तर कुठंतरी, कुणाचीतरी का होईना, खुर्चीवर बसून करायची नोकरी. नाहीतर उरलेलं आयुष्य दादाचा डबा भरण्यात जाणार होतं.

अभ्यास दणकून झाला. सगळे घराबाहेर गेले की ती दार लावायची, प्रश्न मोठ्यानं वाचायची, उत्तर मोठ्यानं बोलायची आणि बोललेलं लिहून काढायची. असं भरभर यायचं की तिचं तिलाच नवल वाटायचं.

परीक्षेच्या दिवशी स्वतःची मुलं शोभावीत अशा पोरांमध्ये ती बाकावर बसली. पेपर आला. सवयीनं तिनं पहिला प्रश्न वाचला, हळू पण स्पष्ट.

"मॅडम, मनात वाचा," पर्यवेक्षक म्हणाले. पोरं हसली.

तिनं मनात वाचला. सोपा होता, घरी चारदा केलेला. तिनं पेनचं टोपण काढलं, मान डावीकडे जराशी झुकवली आणि थांबली. उत्तर येत होतं, पण ते कुणी सांगत नव्हतं. हात कागदावर तयार होता, आज्ञाधारक, आवाजाची वाट बघत. तिनं पुढचा प्रश्न घेतला, मग त्याच्या पुढचा. मनातलं मनातच राहत होतं, बोटांपर्यंत उतरत नव्हतं. शेवटी तिनं तोंडावर रुमाल धरून पुटपुटायला सुरुवात केली आणि पहिली ओळ सरसर उमटली.

"सर, या काकू बोलतात," मागचा मुलगा म्हणाला.

पर्यवेक्षक जवळ आले. माणूस भला होता, वाकून हळू आवाजात बोलला. "बरं वाटत नाहीये का?"

"सर, मी माझ्याशीच बोलून लिहिलं तर चालेल का? अगदी हळू बोलेन. हवं तर बाहेर पायरीवर बसते."

त्यांनी खरोखर विचार केला. मग मान हलवली.

"उत्तरं बोलायची परवानगी असते, मॅडम. वेगळी खोलीसुद्धा देतो आम्ही. पण त्याला सोबत रायटर लागतो."

छोटी बरं म्हणाली आणि घंटा होईपर्यंत पेन धरून बसून राहिली.