काळ्या थराची नोंद

जुन्या उत्खननातल्या मातीचा प्रयोगशाळेचा अहवाल सकाळीच आला होता. दुपारपर्यंत मी तो पदराआड धरल्यासारखा घेऊन बाबांच्या खोलीबाहेर घिरट्या घालत होते. पन्नाशीची बाई मी, पण दोनदा कडीला हात लावून परत फिरले होते. बाबांच्या ग्रंथाची नवी आवृत्ती उद्या छापायला जाणार होती.

तो सगळा ग्रंथ एका पोथीवर उभा होता. तेराशे वर्षांपूर्वी एका राजाने एक शहर एका दिवसात जाळलं, माणूस म्हणून उरला नाही, असं त्याच्याच दरबारी लेखकाने लिहून ठेवलेलं. सत्तावीस वर्षांपूर्वी बाबांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा खड्ड्यात मी होते. हातभर जाड काळा थर लागला. बाबांनी वरूनच विचारलं होतं, "राखच ना?"

मी त्यातली चिमूट थुंकीने भिजवून बोटांत वळून पाहिली होती. राख वळत नाही, भुरभुरते. हिचा मातीसारखा चांगला दोरा झाला. पण आदल्याच दिवशी बाबांनी उत्खननाचे नकाशे काढणाऱ्या मुलाला शंका काढल्याबद्दल चारचौघांत फाडून खाल्लं होतं. मी वहीत लिहिलं: राख.

आता अहवाल म्हणत होता, शेणखत, भाजीपाला, गांडुळं. त्या थरात, त्या कथित जळिताच्या आधी-नंतर मिळून दीडशे वर्षं, लोक सुखाने परसबाग करत होते.

शेवटी आत गेले. बाबांनी अहवाल दोनदा वाचला आणि नमुन्याची बरणी मागितली. थुंकी लावून स्वतः माती वळली. दोरा झाला.

"तेव्हा वळून पाहिली होतीस?"

"हो."

"मग?"

"तुमची भीती वाटली, बाबा."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पोथीची प्रत जवळ ओढली आणि शहर जाळल्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

"या लेखकालाही राजाने असंच विचारलं असेल," ते म्हणाले. "राखच ना?"

मग छापखान्याला फोन करून काम थांबवायला सांगितलं. फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "मला घाबरून आणखी काय काय लिहिलंस?"

समोरच्या कपाटात माझ्या उत्खननाच्या नोंदींच्या एकोणीस वह्या होत्या.