मनकर्णाबाईंनी फिरवलेलं चाक

मित्रांनो, मी एक जुनं, बिडाचं जड चाक आहे. मोटारीची चार चाकं तुम्ही रोज बघता. मी तुम्हाला कधी दिसणार नाही, कारण मी इंजिनाच्या पाठीशी, अंधारात बसतो. मला फ्लायव्हील म्हणतात. इंजिन धक्के देत चालतं. ते धक्के मी माझ्या वजनात जिरवतो, म्हणून गाडीत बसलेल्यांची हाडं खिळखिळी होत नाहीत. याबद्दल आजवर कोणी मला शाबासकी दिलेली नाही, ते असो.

माझ्या काठाला दाते आहेत, मध्ये बोल्टांची भोकं आहेत आणि एक बाजू गुळगुळीत आहे. त्या बाजूला क्लचची प्लेट चिकटून असते. चालवणाऱ्यानं डावा पाय दाबला की ती सुटते. त्यामुळे माणसांचे चेहरे मला ठाऊक नाहीत, पण पाय मी बरोबर ओळखतो.

मी आदिलाबादच्या एका जिनिंगवाल्या शेटजींच्या काळ्या, गोल बोनेटच्या मोटारीत आलो. त्यांचा ड्रायव्हर क्लचवर असा पाय आपटायचा की मला त्याचा राग यायचा. मोटार जुनी झाली तेव्हा ती जवळच्या मावला गावच्या बाबाराव मास्तरांनी घेतली. त्यांच्या आईवडिलांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात निंदण केलं होतं. मास्तर पहिल्यांदा मोटार घेऊन वस्तीत शिरले तेव्हा पोरांनी मागून धावत सगळी धूळ खाल्ली.

मास्तरांचा पाय हलका होता. गिअर बदलताना ते क्लच दोनदा दाबायचे. एकदा दाबून सोडायचे, जरा थांबायचे, मग पुन्हा दाबायचे. कोणी दारावर दोनदा टकटक करून आत यावं, तसं. मला तो माणूस फार आवडायचा.

एका शनिवारी ते शाळेतून आले. मोटार पत्र्याच्या शेडमध्ये लावली, बंद केली, घरात जाऊन खुर्चीत बसले, आणि त्या खुर्चीतून उठलेच नाहीत. हे मला शेडमध्ये जमलेल्या लोकांच्या बोलण्यातून कळलं. त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, शेडला कुलूप लावलं.

मित्रांनो, थांबलेल्या चाकाला दिवस-रात्र सारखीच. पण काही दिवसांनी एका संध्याकाळी क्लच दाबला गेला. सुटला. जरा थांबून पुन्हा दाबला गेला.

इंजिन बंद होतं आणि मास्तर तर या जगातच नव्हते. मग हा पाय कोणाचा? मी घाबरलो. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच झालं, तिसऱ्याही. पुढे पुढे मी त्या पायाची वाट बघू लागलो. वर्षं गेली. मास्तर संध्याकाळी येऊन जातात, अशी माझी खात्रीच झाली.

तिकडे नार्नूर गावात, हे मला नंतर कळलं, दौलत नावाच्या माणसाकडे आमच्यासारखीच मोटार होती. तिकडच्या आजारी माणसांना आणि अडलेल्या बायांना तीच आदिलाबादच्या दवाखान्यात पोचवायची. तिच्या फ्लायव्हीलला तडा गेला आणि मोटार जागेवर बसली. धोंडीबा मिस्त्रीनं त्या फुटक्या फ्लायव्हीलला काळं ग्रीस फासून वर्तमानपत्रावर ठसा घेतला. तो कागद घेऊन दौलत नागपूरच्या भंगार बाजारात गेला. वाटेत पावसात कागद भिजला आणि ताणला गेला. त्या ठशाला लावून आणलेलं चाक घरी आल्यावर बसेना, कारण भोकं दोन सूत बाहेर गेली होती! हैदराबादहून दुसरं आणलं, तर त्याचे दाते स्टार्टरला जुळेनात. शेवटी कोणीतरी मावल्याच्या बंद शेडबद्दल सांगितलं.

दौलत आणि धोंडीबा आले तेव्हा त्यांच्यासोबत नार्नूरच्या रुख्मिणीबाई होत्या. मनकर्णाबाईंनी शेड उघडली, पण दारातच उभ्या राहिल्या.

"गाडीतलं काईच देणार नाई मी," त्या म्हणाल्या. "त्याईनं आपल्या हातानं बंद केली ते. थे चाक त्याईच्या हातानं जिथं थांबलं, तिथंच हाय अजून. तुमी फिरवान तं माह्यापाशी काय राह्यते?"

धोंडीबानं हातातला पाना पिशवीत परत टाकला. मलाही, खरं सांगतो, हायसं वाटलं. मला संध्याकाळचा पाय सोडून कुठं जायचं नव्हतं.

मग रुख्मिणीबाई बोलल्या. "बाई, मागच्या पाणकाळ्यात माही लेक अडली. दौलतभाऊची गाडी बंद पडेल होती. बैलगाडीत घातलं तिले. सडकेवर याच्या आदीच गेली माही लेक, पोटातल्या लेकरासंग. आता सुनेचे दिवस भरून राह्यले. पंचफुला नाव हाय तिचं. तिनं बैलगाडी पाह्यली का रडते."

मनकर्णाबाई दारातून बाजूला झाल्या.

"मिस्त्री," मनकर्णाबाईंनी विचारलं, "न फिरवता निघत नाई काय थे?"

"नाई बाई. पाना लावला का हालतेच."

"मंग पयले मीच फिरवीन."

धोंडीबानं प्लगच्या भोकांतून तेल सोडलं आणि दोन दिवस मुरू दिलं. मग पुढून हँडल लावून तो बाजूला झाला. मनकर्णाबाईंनी पदर खोचला. त्यांनी जोर लावला तरी मी हललो नाही. मी जाम झालो होतो म्हणा, की मला हलायचं नव्हतं म्हणा. रुख्मिणीबाई हात लावायला पुढे आल्या. "राहू द्या," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि सगळा भार टाकला.

मी पाव फेरा फिरलो. मास्तरांनी जिथं मला सोडलं होतं, ती जागा गेली. मला रडता येत असतं तर मी तेव्हा रडलो असतो.

मग धोंडीबानं गिअरबॉक्स उतरवला, क्लच काढला आणि चकित झाला. "इतक्या सालाची उभी गाडी, प्लेट गंजून चिकटाले पायजे होती. हे तं मोकळी हाय! कोण क्लच दाबून राह्यलं होतं?"

मनकर्णाबाई खाली बघत म्हणाल्या, "मीच. सांजीले येऊन बसो थोडा वेळ. त्याईच्या बाजूले बसून बसून पाह्यलं होतं, कसं दोनदा दाबत थे."

तर तो पाय त्यांचा होता. इतकी वर्षं मी ज्यांना मास्तर समजत होतो, त्या मनकर्णाबाई होत्या.

मी दौलतच्या मोटारीत बसलो. भोकाला भोक आणि दात्याला दाता जुळला. दहा-बारा दिवसांतच पंचफुलाला घेऊन आम्ही निघालो. पाऊस धो धो पडत होता. दौलत क्लच एकदाच दाबतो. प्रत्येक गिअरला मी दुसऱ्या दाबाची वाट बघायचो. तो आला नाही. अजूनही बघतो, अजूनही येत नाही. मित्रांनो, मला त्या दोघांचीही फार आठवण येते.

पंचफुला सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. परत जाताना रुख्मिणीबाईंनी मावल्याला मोटार थांबवायला लावली. दौलतनं ती दारात उभी केली, पण इंजिन चालूच ठेवलं.

"काऊन चालू ठेवली?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"तुमच्यासमोर बंद कराले मन होत नाई, बाई."

मनकर्णाबाईंनी खिडकीतून वाकून पाहिलं. पंचफुलाच्या मांडीवर मुलगी झोपली होती.

"बंद करा," त्या हळूच म्हणाल्या. "आवाजानं उठल नं लेकरू."

दौलतनं किल्ली फिरवली. मी दोन-चार फेरे घेतले आणि थांबलो.

मित्रांनो, तुमच्या आसपासही गेलेल्या माणसाची एखादी वस्तू कोणीतरी जपून ठेवलेली असेल. तिची कुणाला गरज असेल तर ती जरूर मागा. आम्हाला पडून राहणं आवडत नाही. पण पाने-हातोडे घेऊन एकदम अंगावर जाऊ नका. आधी बाजूला व्हा, आणि पहिला फेरा त्या घरच्या माणसाला फिरवू द्या.