नात्तोचा एक घास

"हे बघा, तोकिए-सान, मला तरी हे गढूळ दिसतंय. तुम्ही काय म्हणता?" हिराइवाने बाटली उजेडाकडे धरली.

तोकिएला बघायची गरजच नव्हती. सकाळी उबपेटी उघडल्याबरोबर ती बाटली तिच्या नजरेत भरली होती. धातू ओतायच्या कारखान्यात भाजलेल्या एका माणसाची टिकलीएवढी कातडी अठरा दिवसांपूर्वी इथे आली होती. तिच्यातल्या पेशी वाढवून तोकिएने वीस बाटल्यांत त्वचेचे तळहाताएवढे पदर तयार केले होते. परवा ते त्याच्या छातीवर नि पाठीवर बसायचे होते.

"एकच नासलीय ना? फेकून देऊ. बाकीच्या स्वच्छ आहेत," हिराइवा म्हणाला. तो विभागप्रमुख, वयाने तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि कायम घाईत. "बावीस वर्षांत तुमच्या हातून एक बाटली बिघडली नाही. दृष्ट लागली म्हणायची!"

तोकिए हसली नाही.

नात्तो खाऊन या इमारतीत कुणी पाऊल ठेवायचं नाही, असा नियम होता. आंबवलेल्या सोयाबीनचा हा चिकट पदार्थ जपानात घरोघरी न्याहारीला असतो, पण त्यातले जंतू भलते चिवट, स्पिरिटलाही दाद देत नाहीत. 'खाल्लेला नाही' अशी रोज दारात सही करावी लागे. तोकिएने बावीस वर्षं त्याची चव घेतली नव्हती, आणि तिचा बाप मितो या नात्तोच्या गावचा, त्यावरच पोसलेला! लेकीच्या या नोकरीवरून त्याने तिला जन्मभर टोमणे मारले.

रविवारी ती वृद्धाश्रमात त्याला भेटायला गेली. महिनाभर त्याने तिला ओळखलं नव्हतं, त्या सकाळी मात्र ओळखलं. जेवणाच्या काड्यांनी त्याने नात्तोचा घास तिच्या तोंडाशी आणला.

"खा गं तोकि. केवढी वाळलीस!"

कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? तिने खाल्ला. मग तीनदा आंघोळ केली, हिरड्यांतून रक्त येईस्तोवर दात घासले आणि सोमवारी दारात सही ठोकली.

आता गप्प राहिली तर एकोणीस बाटल्या परवा दवाखान्यात पोचणार होत्या. त्यातल्या एकीत जरी तो जंतू दडून बसला असला, तर उघड्या जखमेत माजायला त्याला वेळ लागणार नव्हता. बोलली, तर वीसच्या वीस गेल्या. गोठवून ठेवलेल्या पेशींपासून पुन्हा सुरुवात करायची, म्हणजे आणखी सतरा दिवस. त्या माणसापाशी तेवढे दिवस नव्हते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"हिराइवा-सान, रविवारी मी नात्तो खाल्लाय."

"थट्टा करताय?"

"नाही."

"अहो, मग सही कशी केलीत? डोकं ठिकाणावर होतं का तुमचं?"

"नव्हतं."

त्याने दवाखान्याचा नंबर फिरवला आणि फोन तिच्यापुढे सरकवला. "तुम्हीच सांगा."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"सतरा दिवस. बरं. मुरासे-सानच्या बायकोला मी काय सांगू?"

इथे रुग्णाचा फक्त नंबर कळे. नाव ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"खरं तेच सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

बाटल्या नष्ट करायचं काम तिच्याकडेच आलं. तिने एक स्वच्छ बाटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशी एकमेकींना घट्ट बिलगून ठणठणीत वाढत होत्या. तिला रडू आवरेना. तिने बाटल्यांपुढे कमरेत वाकून मान खाली घातली.

"मुरासे-सान, माफ करा," ती म्हणाली, आणि पहिल्या बाटलीत पेशी मारायचं औषध ओतलं. अजून एकोणीस उरल्या होत्या.