कोरडी परडी

"घटाला घाम येऊ दे रं नथ्या. ज्याला घाम नाय तो घट नाय, नुसता डबा."

आईचा हा आवाज ऐकून कितीतरी पावसाळे लोटले होते. चाकाजवळ माती मळत बसलेली, कोपरापर्यंत चिखलात बुडालेली, बोलताना मान वर न करणारी आई. आज चौथ्या माळेला, चांदीपच्या गावदेवीच्या देवळात खांबाला टेकून उभा असताना तो आवाज नथू कुंभाराला इतका जवळून आला, की त्याने मागे वळून पाहिले.

मागे कोणी नव्हते. पुढे देवी होती. देवीपुढे मातीने भरलेली परडी, परडीत मधोमध घट, आणि घटाभोवती कोरडी, भेगाळू लागलेली माती. एव्हाना तिथे पोपटी कोंबांची दाटी व्हायला हवी होती. एकही कोंब नव्हता.

गावाची रीत जुनी. घट बसवताना परडीतली माती जेमतेम दमट करायची, धान पेरायचे आणि मग दसऱ्यापर्यंत वरून थेंबभर पाणी घालायचे नाही. घटात तळ्याचे पाणी भरायचे. भाजलेल्या मातीच्या अंगातून ते झिरपते, खाली उतरते, आणि तेवढ्याच ओलीवर धान वर येते. देवी आपल्या हाताने पाजते, असे बाया म्हणत. घट बसताना फेर धरून गात,

माझ्या घटाच्या पोटात गार तळ्याचं गं पानी
धान उठलं झोपेतून, जागी झाली माझी रानी

हा घट पिढ्यान्‌पिढ्या नथूच्या घरातून यायचा. त्याबद्दल कुंभाराने कधी काही मागायचे नाही. फक्त दसऱ्याला देवीपुढचे पहिले सोने गाव त्याच्या दारात आणून देई. आपट्याची चार पाने, पण ती घेताना नथूची आई डोक्यावर पदर ओढायची.

यंदा मात्र रीतीत एक बदल झाला होता. परडीत धान पेरले होते सुशीलाने.

सुशीला गावच्या अंगणवाडीत सेविका. नवरा गेल्यापासून ती देवळात यायची ती सगळ्यांच्या मागे, चपलांच्या जवळ उभी राहायला. गावातल्या निम्म्या पोरांना पहिला घास, पहिले गाणे तिने शिकवलेले, पण देवीच्या परडीला विधवेचा हात चालत नसे. यंदा महिला मंडळातल्या तरण्या सुना हट्टाला पेटल्या. त्यांत पुढे होती नथूचीच सून, संजना. सुशीला नको नको म्हणत होती. संजनाने तिला हाताला धरून परडीपुढे बसवले होते. मूठ उघडताना सुशीलाची बोटे इतकी थरथरत होती, की थोडे धान तिच्याच पदरात सांडले. बाया हसल्या. कोणी म्हणाली, बग हां बाय, तुझं धान देवीच्या नाकाला लागंल.

आता हसणे संपले होते. तिसऱ्या माळेपासून कुजबुज सुरू झाली, चौथ्या माळेला ती उघड झाली. देवस्थानचा कारभारी नरहरी वर्तक वाईट माणूस नव्हता. संमती देताना तो काही बोलला नव्हता, आता मात्र परडीकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाला, "आमी कुठं नाय म्हनलो. पन देवीनं काय ते सांगितलं ना."

नथूने ते ऐकले आणि तो पायांतल्या चपला शोधू लागला. चपला तर त्याने देवळाबाहेर काढल्या होत्या.

खरे काय ते एकट्या नथूला ठाऊक होते. परडीतला घट त्याच्या हातचा नव्हता.

गणपती गेले तसे त्याचा मुलगा प्रितेश एक मोठी ऑर्डर घेऊन आला होता. चंदनसारच्या नव्या इमारती बांधणाऱ्या एका बिल्डरला दिवाळीची भेट म्हणून घरोघर पणत्या द्यायच्या होत्या. साच्यातल्या नकोत, चाकावरच्या हव्यात. पुठ्ठ्याच्या देखण्या खोक्यात पणत्या, वर नथूचा चाकावर बसलेला फोटो, आणि खाली छापलेले, 'देवीच्या कुंभाराच्या हातून, तुमच्या घरी'. प्रितेश बापाला म्हणाला, "बाबा, तुम्ही ब्रँड झालात. आता लुंगी बदलून बसा जरा." नथू हसला होता. फोटो त्याला आवडला होता, तेही खरे.

मग चाकाला उसंत राहिली नाही. देवीच्या घटाला तळ्याकाठची वेगळी माती आणावी लागते. उपास धरून घट उतरवावा लागतो, घराच्या कोपऱ्यात सावलीत सावकाश वाळवावा लागतो, भाजायच्या आव्यात, भट्टीत, मधली जागा द्यावी लागते. नथू आज करू, उद्या करू म्हणत राहिला. शेवटचा आवा लावला तेव्हा मधल्या जागेतही पणत्याच होत्या. घट बसायच्या आदल्या दुपारी तो विरार फाट्यावर गेला. तिथे ट्रकमधून उतरलेली साच्यातली मडकी रचलेली असतात. एक गोलसर, घटासारखे दिसणारे उचलले. घरामागे बसून त्याला राख चोळली, गेरू चोळला, चुलीचा धूर दिला. चोरीचे ढोर रंगवावे तसे. हात आत घातला तेव्हा बोटांना गुळगुळीत लागले. फुलदाणी म्हणून विकायची ती मडकी, पाणी गळू नये म्हणून आतून रोगण फासलेले. बोटांना कळले होते. पण उजाडताच देवळात ढोल वाजणार होता, आणि घट नाही असे सांगायला तोंड नव्हते.

मग त्याने मनाशी म्हटले, देवीला भाव कळतो. हे म्हणतानाही त्याला लाज वाटली होती.

त्या रात्री घरी संजना जेवली नाही. ताट पुढे सारून म्हणाली, "मीच फोर्स केला त्यांना. आज अंगणवाडीत दोन बायकांनी पोरं पाठवली नाहीत, माहितीये? सुशीलाकाकी पोरांची खिचडी तशीच झाकून बसल्या होत्या." प्रितेश म्हणाला, सोड ना, दोन दिवसांत लोक विसरतील. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कोण विसरेल? पुढच्या वर्षी हेच सांगतील. त्याच्या पुढच्या वर्षी पण."

नथू भात कालवत राहिला. आता बोलावे असे त्याला वाटले. मग कोपऱ्यात रचलेली खोकी दिसली, खोक्यांवरचे आपलेच हसणारे तोंड दिसले. घास गिळला, बोलणे राहून गेले.

बायजा, त्याची बायको, भांडी आवरत होती. मुलगा-सून आत गेल्यावर ती ओट्यापाशी उभी राहिली, पाठ त्याच्याकडे.

"यंदा घट वाळताना मी नाय बघला," ती म्हणाली.

नथूने पाण्याचा तांब्या उचलला, तसाच खाली ठेवला.

"मना वाटला, आव्याजवळच वाळवला असंल. मी काय इचारला नाय." तिने फडके पिळले. "आता पन इचारत नाय."

ती झोपायला गेली. तिने भांडण केले असते तर बरे, असे नथूला वाटले. भांडणात माणूस निदान उलट बोलतो.

पाचव्या माळेला संध्याकाळी देवळात नेहमीपेक्षा जास्त माणसे होती. आरतीआधी नरहरीने सांगून टाकले, की परडीतली माती बदलायची, धान पुन्हा पेरायचे, घट कुंभाराच्या हातचा आहे तो तसाच राहील, पेरणारा हात मात्र सवाशिणीचा असेल. त्याने हे सगळे अदबीने सांगितले. सुशीलाला त्याने ताईही म्हटले. संजना काही बोलायला पुढे झाली, तर सुशीलानेच तिचा दंड धरला.

मग सुशीला परडीपुढे वाकली. मातीला तिने हात लावला नाही, दुरूनच नमस्कार केला. पहिल्या दिवशी मिळालेली ओटी, खण आणि नारळ, तिने जपून आणली होती. ती पायरीवर ठेवली.  टाळ हातात धरलेली माणसे टाळांकडे बघत होती.

बाहेर जाताना ती खांबापाशी थांबली. तिथे नथू उभा होता.

"नथूदादा," ती म्हणाली, "तुमी उपास धरून घट करता. तुमच्या हातच्या घटाला आजवर कोनी बोल लावला नवता. यंदा माज्यापायी लागला. मना माफ करा."

आणि ती त्याच्या पाया पडायला वाकली.

नथूने पाय मागे घेतले. मागे खांब होता, जायला जागा नव्हती. तिच्या केसांतला पांढरा भांग त्याला दिसला, आणि भांगाच्या कडेला चिकटलेला अंगणवाडीतल्या खडूचा चुरा. त्याने दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले आणि तिला अर्ध्यातूनच वर उचलले. 

"नको," तो म्हणाला. एवढेच. 

नरहरीने आरतीचे तबक उचलले होते. कापूर पेटला होता. पलीकडे बायजा उभी होती. ती नवऱ्याकडे पाहत नव्हती, देवीकडे पाहत होती. प्रितेश दारात, हातात फोन, मान वर करून काय झाले ते बघणारा.

"आरती थांबवा," नथू म्हणाला.

टाळ एकेक करून थांबले. शेवटचा टाळ जरा उशिरा थांबला. नथूने सुशीलाचे खांदे सोडले, पण तो बोलला तो तिच्याशीच, इतर कोणाकडे न पाहता. आवाज बारीक होता, तरी देवळात सगळ्यांना ऐकू गेला.

"तो घट माज्या हातचा नाय, बाय. फाट्यावरनं इकत आनला. आतनं रोगन हाय त्याला, पानी भायेर येनार नाय, कदीच नाय. मना पयल्या दिवशी ठावं होता. मी पनत्या करत बसलो, नि देवीला ह्यो दिला. तू धान बराबर पेरलास. तुजं धान तहानेनं मेला, नि चार दिस मी गप बघत व्हतो."