पोपटी पाणी

कारभारीनं पाचवी बादली खड्ड्यात उपडी केली आणि योगिनीच्या मोबाईलवरच्या घड्याळात डोकावलं. खड्ड्यात उभ्या केलेल्या पट्टीवरून पाणी झरझर उतरत होतं.

"म्याडम, रंगात डुंबायची रहाडच खोदायची होती तर रंगपंचमीला यायचं ना!"

योगिनी पट्टीवरचा आकडा टिपत होती. सांडपाण्याची जागा तपासायला नाशकातून निघताना द्वारका चौकातल्या गर्दीतच तिचा तास गेला होता, आणि आता हे पाणी.

"गेलं बघा! सहा मिनटांत सगळं गायब. अशी जागा शोधून सापडायची नाय. ठोका सही."

"काका, इतकं लवकर जायला नको." तिनं खड्ड्याच्या कडेचा खडा बोटांनी चुरला. "वर फूटभर माती, खाली नुसता मुरूम आणि फुटका खडक. संडासाच्या टाकीतलं घाण पाणी मातीतून हळूहळू गाळून जायला पाहिजे. इथून ते तसंच पळणार."

"पळू द्या की! आपल्याला काय त्याच्या मागं जायचंय?"

योगिनीनं उताराकडे पाहिलं. साठ पावलांवर कारभारीच्या चुलत वहिनीची, कुसाबाईची विहीर होती. वस्तीतली सहा घरं तिचंच पाणी पीत.

कारभारीनंही तिकडे पाहिलं आणि टोपी उगाच काढून झटकली. विंचूरच्या वाईनरीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्यानं चार खोल्या बांधल्या होत्या. फरशी झाली, संडासाची भांडी बसली, दिवाळीचं बुकिंगही आलं. फक्त टाकीचं पाणी जिरवायची जागा ठरायची होती. दुसरी जागा म्हणजे वरच्या अंगाची काळी माती, आणि तिथं द्राक्षाच्या दोन ओळी ऐन भरात उभ्या. प्रत्येक वेल त्यानं स्वतः बांधलेला.

योगिनीनं पुडीतला पोपटी रंग दोन ड्रम पाण्यात कालवला आणि खड्ड्यात सोडला.

"तपासणीचा रंग आहे, अपाय नाही. परवा येते. तोपर्यंत विहिरीवर लक्ष ठेवा."

कुसाबाईला तिनं जाता जाता तसं सांगितलं. कुसाबाई पदर तोंडाला लावून हसली.

"पाणी हिरवं झालं तर आधी ह्याचे हात बघा, म्याडम. गेल्या रंगपंचमीला माझ्या म्हशींचा हौद रंगवला होता ह्यानं. म्हशी दोन दिस पाण्याला तोंड लावंनात."

कारभारीनं लगेच वाकून नमस्कार ठोकला, जणू सत्कारच चालला होता.

तिथंच त्याच्या डोक्यात किडा वळवळला. घरात हिरव्या रंगाचं एक पाकीट उरलं होतं. विहिरीत टाकायचं, म्याडमची घाबरगुंडी उडवायची आणि मग रिकामं पाकीट नाचवायचं. दोन दिवस त्याला धड बसवेना. जेवताजेवता हसू यायचं, खिशातलं पाकीट चाचपडायचा, खड्ड्यापर्यंत जायचा, परत यायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी योगिनीची गाडी वळणावर दिसली तसा तो पळतच विहिरीवर गेला. पाकीट काढलं, दातात धरलं, आणि फाडता फाडता खाली पाहिलं.

पाणी पोपटी होतं.

दातातलं पाकीट त्यानं हळूच काढलं. कठड्यावर दोन्ही हात टेकून तो बघत राहिला. हिरवट धार खडकाच्या भेगेतून येत होती, खड्ड्याच्या बाजूनं.

"केलंच का शेवटी!" मागून कुसाबाईचा आवाज आला. एका हंड्यात तिनं पाणी शेंदून ठेवलं होतं, दुसरा कमरेवर होता. "या म्याडम, बघा आमच्या भाऊजीचे प्रताप!"

योगिनी वाकून बघत राहिली. मग त्याच्याकडे वळली.

"काका, खरं सांगा. तुम्ही टाकलात? तसं असेल तर ही तपासणी बाद. पुन्हा करावी लागेल, महिन्याभरानं वगैरे. तोपर्यंत टाकीचं पाणी त्या खड्ड्यातच तात्पुरतं सोडायचं की नाही ते तुमच्यावर आहे."

"टाकला नाय तर काय! तोंड बघा त्याचं," कुसाबाई म्हणाली.

कारभारीच्या ओठांवर सवयीनं हसू आलं. नुसतं "हो" म्हटलं की झालं होतं. वेल राहिले असते, दिवाळी राहिली असती, आणि वस्तीला वर्षभर पुरेल एवढी गंमत झाली असती. त्यानं एकदा वरच्या काळ्या पट्ट्याकडे पाहिलं, एकदा हंड्याकडे.

"मी नाय टाकला."

"ऐका!" कुसाबाई खदखदली. "कोण खरं मानंल?"

हातातलं पाकीट कठड्यावर ठेवून तो उतार चढून खड्ड्याशी गेला. तिथलं फावडं त्यानं उचललं. मुरमाचा पहिला ढीग आत पडला. मग दुसरा.

"आता हे कोणतं सोंग?" कुसाबाई ओरडली. हसतच तिनं पाकीट उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. एका कोपऱ्यावर दाताचे वळ होते, पण चिकटवलेलं तोंड जसंच्या तसं होतं.

वर फावडं थांबत नव्हतं.

कुसाबाईनं पाकीट योगिनीच्या हातात दिलं. भरलेला हंडा उचलला, विहिरीपासून लांब, बांधापलीकडे नेला आणि सावकाश रिकामा केला.