दंडातून पुढे गेलेली गोळी

घाटंजीच्या बाजारात गोळी सुटली, तेव्हा इंदूबाई नेहमीसारखी सराफाच्या दुकानासमोर वांगी आणि संभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसली होती. दुकानाचा राखणदार देवसिंग हा बोरी अरबचा, फौजेतून निवृत्त झालेला. भरदुपारी दोन चोरटे आत शिरले. एकानं मालकावर कोयता उगारला आणि देवसिंगनं पिस्तूल झाडलं. गोळी चोराच्या दंडातून आरपार गेली. चोर ओरडला, आणि त्याच क्षणी रस्त्यापलीकडे इंदूबाई मांडी धरून आडवी झाली.

देवसिंगवर गुन्हा दाखल झाला. त्याचं म्हणणं, गोळी एकच सुटली. बाजारातली काही माणसं मात्र शपथेवर सांगत होती, की दोन बार ऐकले आणि दुसरा त्यानं घाबरून गर्दीवर केला. जमिनीवर गोळीची एकच रिकामी पुंगळी सापडली. पण दुसरी कुणाच्या पायाला लागून नालीत गेली असेल, चोराच्या दंडातून गेलेली गोळीही कुठेतरी हरवली असेल, असं सरकारी वकील म्हणत. डॉक्टरांनी इंदूबाईच्या मांडीतून काढलेली गोळी देवसिंगच्याच पिस्तुलाची निघाली. ती चोराच्या दंडातून आलेली, की थेट तिच्यावर झाडलेली, एवढाच प्रश्न उरला. तो सोडवायचं काम न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या अपेक्षाकडे आलं.

जखम पाहायला ती आधी इंदूबाईच्या घरी गेली. वण गोल नव्हता, लांबट होता, चिरल्यासारखा. अपेक्षा मोजमाप घेत असताना इंदूबाई भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहत पडून होती.

"एक सांगशीन का, पोरी?" ती म्हणाली. "त्यानं मले पाहून मारली का?"

"ते मला अजून माहीत नाही, मावशी."

"किती वर्षं तो तिकडे उभा, मी इकडे बसलेली. मी दवाखान्यात पडून होती, पन एकदाबी आला नाही. मंग मानूस काय समजंन?"

अपेक्षानं वणाची लांबी वहीत लिहून घेतली.

चाचणी यवतमाळबाहेरच्या गोळीबार मैदानावर, दोन्ही वकिलांसमोर, जिलेटिनच्या लाद्यांवर गोळ्या झाडून करायची ठरली. जिलेटिन पाण्यात विरघळवून, साच्यात ओतून, थंड करून केलेल्या या लाद्या दिसायला पिवळसर काचेसारख्या. गोळी मांसातून जशी जाते, साधारण तशीच त्यांतून जाते. फक्त लादी थंड हवी. मे महिना होता. लाद्या घेऊन येणारी गाडी कळंबजवळ बंद पडली आणि पेट्यांतला बर्फ अर्धा वितळला.

मैदानावर पोचताच अपेक्षानं नियमानुसार एअरगननं एक छर्रा लादीत मारला. तो जायला हवा होता त्यापेक्षा बराच खोल गेला. लादी मऊ पडली होती.

"चालते ना, मॅडम," तपास अधिकारी अमर घाम पुसत म्हणाला. "सगळे येऊन बसले आहेत."

"नाही चालत. यात गोळी जास्तच खोल जाईल. आपण जे लिहू ते खोटं असेल."

कुरकुर झाली, पण चाचणी दुसऱ्या दिवसावर गेली. लाद्या ठेवायला थंड जागा हवी होती. मैदानाजवळच्या गावातल्या दूध डेअरीचा मालक देवीलाल आधी हो म्हणाला, मग पेटीत डोकावून त्यानं विचारलं, "हे बनते कशाचं?"

"जनावरांच्या कातड्याचं, हाडांचं," अपेक्षानं सांगितलं. न सांगता भागलं असतं, हे तिलाही ठाऊक होतं.

देवीलालनं पेटीचं झाकण लावलं. "दुधाजवळ नाही ठेवता येनार, ताई. मागं जुना फ्रीजर बंद पडून आहे. तो चालू करून देतो. पन परत कोनाले सांगू नका."

सकाळी छर्रा हवा तेवढाच गेला. एका हवालदारानं देवसिंगचं पिस्तूल टेबलावर टेकवून धरलं. आधी थेट लादीवर गोळी झाडली. ती सरळ लादी पार करून मागच्या वाळूच्या पोत्यात घुसली. पुन्हा झाडली, पुन्हा तेच. मग अपेक्षानं समोर दंडाएवढी पातळ लादी ठेवली आणि रस्त्याच्या रुंदीएवढं अंतर सोडून मागे जाड लादी.

या वेळी पातळ लादीतून निघालेली गोळी हवेत कलंडली. जाड लादीवर ती आडवी आपटली, लांबट फट पाडून आत गेली आणि वीतभरावर थांबली. लादीच्या पिवळ्या पोटात ती नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. अपेक्षा उकिडवी बसून पाहत राहिली. तिला इंदूबाईचा वण आठवला. आतापर्यंत ती फक्त जिलेटिनकडे पाहत होती.

असे बार अनेकदा केले. एकदा मात्र गोळी कलंडलीच नाही, दोन्ही लाद्या भेदून गेली. बचावाच्या वकिलानं तो बार मोजू नये असं सुचवलं. अपेक्षानं तोही लिहिला.

कोर्टात त्यावरूनच तिला खोदून विचारलं गेलं. "म्हणजे तुम्ही खात्रीनं सांगू शकत नाही?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"एकाच गोळीनं दोघांना लागलं हे अगदी शक्य आहे, एवढं खात्रीनं सांगते. आणि थेट झाडलेली गोळी अशी आडवी होऊन मधेच थांबलेली मी एकदाही पाहिली नाही."

देवसिंग निर्दोष सुटला.

निकालानंतर बाहेरच्या बाकावर तो एकटाच बसला होता. इंदूबाई काठी टेकत त्याच्यासमोर जाऊन थांबली. तो उठून उभा राहिला.

"दवाखान्यात काहून नाही आला?" तिनं विचारलं.

"वकिलानं मना केलतं, बाई. म्हने, गेला तं गुन्हा कबूल केला असं होईन. एक असो का दोन, गोळी माह्याच हातातली. तुमी मांगं बसल्या होत्या, हे मले ध्यानात राहाले पाह्यजे होतं."

"होतं तं खरं," इंदूबाई म्हणाली. 'जाऊ दे' म्हणून तिनं त्याची समजूत घातली नाही. मग बाकावर बसली आणि दुखरा पाय सरळ केला. "कामावर जातं का आता?"

"सोडलं. पिस्तूल सरकारजमा केलं. भावासंग तुरीत राबतो."

"बस मंग. सून रिक्षा आनाले गेली. येईलोक बस."

देवसिंग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. अपेक्षा जिन्यावरून उतरत होती. इंदूबाई त्याला यंदाच्या तुरीचं विचारत होती, आणि तो हळूहळू सांगत होता.